मित्रकीटक सोडूनही मावा परत येतो? बिघाड असा शोधा

जास्वंद, वांगं, बरबटी (चवळी), फुलकोबी. दिवाळीनंतर रात्री गार पडू लागल्या की नागपुरातल्या परसबागांत या चार झाडांवर मावा, ही रस शोषणारी बारीक कीड, ठरलेला. मग कोणी ढालकिडे आणून सोडतं, कोणी ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाश्या ज्यातून निघतात ते अंड्यांचं कार्ड) टांगतं, कोणी निंबोळी अर्क मारतं. आठवडाभर बरं दिसतं आणि शेंडे पुन्हा भरतात.

यात मित्रकीटकांचा, म्हणजे किडींना मारणाऱ्या कीटकांचा, दोष क्वचितच असतो. ढालकिडे, सिरफिड माश्या, बारीक परोपजीवी गांधीलमाश्या बागेत न बोलावता येतात. त्यांना टिकू न देणारं काहीतरी मात्र आपणच चालू ठेवलेलं असतं, आणि ते सापडेपर्यंत विकतचे कीटक आणणं म्हणजे पैसे उधळणं. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे जातो. तो मोडू नका. बहुतेक बागांचं दुखणं चौथ्या तपासणीच्या आतच सापडतं.

आधी लक्षणं

- शेंड्याची पानं आत वळलेली, पानामागे हिरवा किंवा काळा मावा, खालच्या पानांवर चिकट थर आणि त्यावर काजळीसारखी बुरशी.
- फवारल्यावर तीन-चार दिवस झाड स्वच्छ, आठ-दहा दिवसांनी आधीपेक्षा जास्त मावा.
- सोडलेले ढालकिडे दुसऱ्या दिवशी दिसत नाहीत.
- खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली चालू.
- जास्वंदीच्या पेरांत पांढरा कापूस.
- वांग्याच्या पानांची चाळणी, आणि वर ठिपक्यांचे "ढालकिडे" बसलेले.
- ट्रायकोकार्ड लावून आठवडा झाला तरी माव्यात फरक नाही. याचं उत्तर आत्ताच सांगून टाकतो: ट्रायकोग्रामा माव्याला हातही लावत नाही. तो पतंगवर्गीय किडींच्या अंड्यात आपली अंडी घालतो. माव्यासाठी कार्ड लावलं असेल तर कार्डात काही बिघाड नाही.

१. पान उलटा आणि कोण बसलंय ते ओळखा

सकाळी ऊन चढायच्या आत, दसपट मोठं दाखवणारं भिंग घेऊन वेगवेगळ्या झाडांची दहा पानं बघायची, पाच शेंड्याची आणि पाच मधली. मित्रकीटकांचं जे रूप खरं काम करतं ते आपल्या ओळखीचं नसतं, म्हणून कीड समजून आपणच ते चिरडतो. ही तपासणी पहिली आहे ती त्यासाठीच.

ढालकिड्याची अळी ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. राखाडी-काळी, लांबट, सहा पायांची, पाठीवर नारिंगी ठिपके, शेपटीकडे निमुळती. मगरीचं पिल्लूच म्हणा. अंडी पिवळी, उभी, दहा-वीसच्या घोळक्यात, बहुधा माव्याच्या शेजारीच. कोष नारिंगी असतो आणि शेपटीकडून पानाला चिकटून निपचित बसतो. हलत नाही म्हणून तो रोगाचा डाग समजला जातो आणि पान तोडून फेकलं जातं.

सिरफिड माशीची अळी बिनपायांची, हिरवट, अर्धपारदर्शक असते. भिंगाखाली दोन मिनिटं थांबलात तर काम दिसेल: टोकदार तोंडाने ती मावा पकडते, पानावरून वर उचलून धरते, आतलं सगळं शोषते आणि रिकामं कातडं टाकून पुढच्याकडे वळते. क्रायसोपा हाही मावा खाणारा, जाळीदार पंखांचा मित्रकीटक. त्याची अंडी ओळखायला सोपी, केसाएवढ्या बारीक दांड्यावर एकेक पांढरट-हिरवा ठिपका. बुरशी आली म्हणून ती पुसू नका.

माव्याच्या गर्दीत काही मावे फुगलेले, सोनेरी-तपकिरी आणि कागदासारखे कोरडे दिसतात. त्यांना ममी म्हणतात. आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. पाठीवर नीट गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून कामाला लागलेली आहे. अशी पानं पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरली तर मेलेल्या माव्याबरोबर पुढची पिढीही वाहून जाते.

जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसाकडे जरा जास्त वेळ द्या. तो बहुधा पिठ्या ढेकूण, ही मेणाने झाकलेली रस शोषणारी कीड, असतो. पिठ्या ढेकणाला खाणाऱ्या क्रिप्टोलेमस या ढालकिड्याची अळीही पांढऱ्या मेणाने माखलेली असते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला. जुन्या दातघासणीने टोचून बघा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. अळी आकाराने मोठी, मेणाचे दोरे लांब आणि विस्कटलेले, आणि डिवचली की झपाझप चालू लागते. अशा अळ्या असलेलं झाड खराट्याने झाडून स्वच्छ करणं म्हणजे फुकटात मिळालेला रखवालदार हाकलणं.

निकाल असा लावा. दहापैकी चार-पाच पानांवर वरचं काही ना काही दिसलं तर फवारा, साबण, सगळं बाजूला ठेवा. त्या पानांच्या देठाला लोकरीचा धागा बांधा आणि सात दिवसांनी तीच पानं पुन्हा बघा. इथे धीर लागतो, कारण हिशेब विषम आहे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लंच घालते आणि ती पिल्लं आठवड्या-दहा दिवसांत स्वतः वेतात. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. पहिले पंधरा दिवस मावा पुढेच असणार. धाग्याच्या पानांवर अळ्या वाढताना दिसत असतील तर माव्याचा आकडा बघून घाबरू नका. नुकतीच लावलेली, चार-सहा पानांची रोपं याला अपवाद. त्यांना तेवढा वेळ नसतो. त्यांच्यावरचा मावा बोटाने पुसून काढा.

२. वांग्यावरचा ठिपकेदार किडा मित्र आहे का?

वांगं, बटाटा, कारलं यांवर बसणारा हड्डा भुंगा ढालकिड्याचाच नातेवाईक, पण पान खाणारा. चकचकीत ढालकिड्याच्या मानाने तो मळकट तांबूस, अंगावर बारीक लव आणि पुष्कळ काळे ठिपके. एका जातीवर २८ असतात. अळी पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. पानाचा हिरवा भाग खरवडून शिरांची जाळी तेवढी ठेवतो. त्याचीही अंडी पिवळी, उभी आणि घोळक्यातच असतात, त्यामुळे अंड्यांवरून फसायला होतं. आजूबाजूला बघा: मावा असेल तर अंडी बहुधा मित्राची, मावा नाही आणि पान खरवडलेलं आहे तर हड्ड्याची. सकाळी हे भुंगे सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दुसरं काही लागत नाही.

३. मुंग्या

माव्याची चिकट विष्ठा मुंग्यांना गोड लागते. तिच्यासाठी त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याला चावून हुसकतात, अंडी उचलून नेतात. रांग चालू असेपर्यंत कोणताही मित्रकीटक सोडून उपयोग नाही, हे आम्ही ठामपणे सांगतो. बाकीच्या सगळ्या तपासण्या वगळल्यात तरी ही वगळू नका.

कुंडीचं स्टँड असेल तर पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि पाण्यात दोन थेंब लिक्विड साबण टाका, म्हणजे मुंगी तरंगत नाही आणि डासही होत नाहीत. जमिनीतल्या झाडाच्या खोडाला जमिनीपासून वीतभर उंचीवर जुन्या कापडाची चार बोटं रुंद पट्टी घट्ट बांधा आणि पट्टीवर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर लावू नका, साल खराब होते. मग भिंतीला, ग्रिलला, शेजारच्या कुंडीला टेकलेली फांदी शोधा. पट्टी बांधूनही मुंग्या चढतात त्या बहुधा याच पुलावरून.

वारूळ कुंडीतच असेल तर बोरिक पावडर ५ ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर असं मिसळून कापसाचा बोळा भिजवा. भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत तो ठेवून डबी रांगेच्या वाटेवर ठेवा. पावडर यापेक्षा जास्त घातली तर मुंग्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत काही पोचत नाही. लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तिथे हा उपाय नको. कुंडीच्या काठाला मुंग्यांचा खडू ओढायची सवय असेल तर तीही सोडा. त्यातलं कीटकनाशक क्रायसोपाच्या चालत्या अळीलाही तितकंच मारतं.

४. गेल्या महिन्यात काय काय फवारलं?

कागदावर लिहून काढा. "सगळं सेंद्रियच मारतो" हे उत्तर इथे चालत नाही. साबणाचं पाणी समोर येईल त्या मऊ अंगाच्या किड्याला मारतं. मावा की ढालकिड्याची अळी, त्याला फरक नाही. निंबोळी अर्क प्रौढ ढालकिड्याला त्यामानाने सौम्य, पण त्यातलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. दशपर्णी अर्काचंही साधारण तेच. दर आठवड्याला फवारा म्हणजे दर आठवड्याला मित्रांची पिढी साफ. उरलेला मावा मात्र सात-दहा दिवसांत पुन्हा उभा राहतो. दुसऱ्या लक्षणातला खेळ हाच आहे.

तीन आठवडे सरसकट फवारणी बंद ठेवा. अगदीच राहवत नसेल तर क्रम असा: पहिल्यांदा मित्र नसलेल्या फांदीवर पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा, एक दिवसाआड तीनदा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. त्याने भागलं नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिलि सौम्य लिक्विड साबण, तोही फक्त भरलेल्या शेंड्यावर, ऊन उतरल्यावर, आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबून. बोअरचं जड पाणी वापराल तर साबण फाटतो आणि फवारा निकामी होतो. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या. कपड्यांची पावडर वापरू नका, पानं करपतात. निंबोळी अर्क पाच टक्के, म्हणजे ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला, आणि तो त्याच दिवशी संपवायचा. उरलेला पुढच्या आठवड्यासाठी बाटलीत भरून ठेवला तर त्यात दम राहत नाही.

यादीत आणखी तीन गोष्टी धरा. डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत होणारी धुराची फवारणी: त्या आठवड्यात विकतचे कीटक सोडू नका. पिवळे चिकट सापळे: पांढऱ्या माशीबरोबर सिरफिड माश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्याही त्यांना चिकटतात, म्हणून मित्र सोडण्याआधी काढा. आणि नर्सरीतून नुकतंच आणलेलं गुलाबाचं झाड: त्यात कधीकधी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणाऱ्या) कीटकनाशकाचा अंश असतो आणि पिठ्या ढेकूणही. तीन आठवडे वेगळं ठेवा.

५. खत

शेंडे गडद हिरवे, लुसलुशीत आणि वाजवीपेक्षा लांब असतील तर नत्र जास्त झालंय. मावा अशाच रसावर झपाट्याने वाढतो. ढेपेचं पाणी आणि कोंबडीखत महिनाभर थांबवा, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत चालू द्या.

६. मित्रांना खायला काय आहे?

सिरफिड माशीची अळी मावा खाते, पण माशी स्वतः मध आणि परागावर जगते. परोपजीवी गांधीलमाशीही मधावरच. बागेत फुलं नसतील तर ती अंडी न घालता पुढे निघून जाते. या कीटकांची तोंडं आखूड, त्यांना उघडी, बारीक फुलं लागतात: सांभार (कोथिंबीर), शेपू, बडीशेप, मोहरी. भरगच्च पाकळ्यांचा हायब्रीड झेंडू दिसायला छान, या कामाला कुचकामी. एकेरी पाकळ्यांचा कॉसमॉस लावा.

सांभाराची एक कुंडी तोडू नका, फुलू द्या. ऑक्टोबरपासून दर तीन आठवड्यांनी मूठभर धने टाकत गेलात तर फेब्रुवारीपर्यंत कुठली ना कुठली कुंडी फुलावर राहते. कडेला चार ताटं ज्वारीची आणि एक वेल बरबटीचा. बरबटीवर काळा मावा हमखास येतो, तो येऊ द्या, कारण ढालकिडे तिथेच जमतात आणि तिथून बाकी बागेत पसरतात. हा मावा मारायचा मोह होतो. वेल भाजीच्या वाफ्यापासून जरा लांब लावला की मोहही कमी होतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरची रुई दिसली की लोक धास्तावतात, पण तिच्यावरचा पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या कुळातल्या झाडांवरचा. तो तुमच्या वांग्यावर येत नाही.

७. दिवस कोणते आहेत?

नागपुरात माव्याचे दिवस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ढगाळ हवेत जास्त. मित्रकीटकांसाठीही हाच काळ बरा. मार्चनंतर पारा चढतो तसा मावा आपोआप घटतो आणि लाल कोळी (रस शोषणारी अगदी बारीक कीड) डोकं काढतात: पानावर पांढरट टिकल्या, मागे बारीक जाळी. सर्वसाधारण ढालकिडे याला उत्तर नाहीत. पानाखालून रोज पाणी आणि गच्चीवर हिरवी शेडनेट याने कोळी आटोक्यात राहतात, कारण त्यांना कोरडी, तापलेली हवा लागते.

एप्रिल ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत विकतचे मित्रकीटक घेऊच नका. ट्रायकोग्रामा पस्तिशीच्या पुढेच ढेपाळतो. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पंचेचाळीसच्या गच्चीवर तो सोडणं म्हणजे त्याला तव्यावर टाकणं.

८. आता विकत आणा, पण तपासून

वरचं सगळं झालं आणि तरी पानांवर मित्र दिसत नाहीत, तेव्हाच.

ट्रायकोकार्ड फक्त अळीवर्गीय किडींसाठी: भेंडी-वांग्यातली पोखरणारी अळी, टोमॅटोवरची घाटेअळी. तेही फुलं लागताना, पतंग उडताना दिसले की. आत शिरलेल्या अळीवर त्याचा काही परिणाम नाही. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात, म्हणून घरच्या बागेला कार्डाच्या दोन-तीन पट्ट्या पुरतात; बाकी शेजाऱ्यांत वाटा. घेताना रंग बघा. परोपजीवी झालेली अंडी काळी पडतात. कार्ड फिकट असेल तर परत करा. माशी बाहेर पडण्याची तारीख वाचा. लगेच लावायचं नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत, अंड्यांची बाजू पावसा-पाण्यापासून राखून स्टेपल करा. आठवड्याने पट्टी भिंगाखाली धरा: अंड्यांना बारीक भोकं पडली असतील तर माश्या निघाल्या. अंडीच गायब असतील तर मुंग्यांनी नेली, तिसऱ्या तपासणीकडे परत जा. दर आठ-दहा दिवसांनी नवी पट्टी, निदान तीन वेळा.

माव्यासाठी क्रायसोपाच्या अळ्या घ्या. प्रौढ ढालकिडे विकत घेण्यात अर्थ कमी, सोडले की ते उडून जातात; अळीला पंख नसतात. क्रायसोपाच्या अळ्या एकमेकींनाही खातात, म्हणून डबी एका जागी पालथी करू नका. ओल्या ब्रशने एका झाडावर एक-दोन, लांब लांब ठेवा.

पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस, भरलेल्या झाडामागे ५ ते १० भुंगे, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण जेमतेम दोन-चार असतील तर सोडू नका, उपाशी राहून निघून जातील. तेवढ्याला कापसाच्या बोळ्याने पुसणं पुरतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मिरचीची पानं चुरडली की आधी वळण बघा. कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी; पण शेंडाच बुटका होऊन पानं बारीक, गुच्छासारखी झाली तर तो विषाणू. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडून पान जाळीदार पिवळं झालं तरी तेच. विषाणूवर मित्रकीटकच काय, कोणतीच फवारणी चालत नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका. दोनपेक्षा जास्त झाडांवर पसरलं असेल तर सल्ला घ्या.

पाणी असूनही झाड दुपारी माना टाकतं आणि उपटल्यावर मुळांना गाठी दिसतात, तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारा सूक्ष्म जंत. संत्र्या-लिंबाच्या खोडातून डिंक येतो किंवा भोकातून भुसा पडतो, ते काम आपलं नाही. आंबा, पेरूसारख्या मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पिठ्या ढेकूण गेला असेल तर शिडी लावून फवारायच्या भानगडीत पडू नका. गांधीलमाशीचं छोटं पोळं बागेच्या कोपऱ्यात असेल तर असू द्या, ती अळ्या उचलून नेते. दाराजवळ असेल किंवा आग्या मोहोळ बसलं असेल तर प्रशिक्षित माणूसच बोलवा.

नागपूरकरांची एक सोय मोठी आहे. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र विभाग आहे, वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि तिचं कृषी विज्ञान केंद्र, अमरावती रोडला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, शिवाय केंद्र सरकारचं एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रही शहरातच. घरबसल्या विचारायचं तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१.

जाताना फोटोवर विसंबू नका. किडीसकट तीन-चार पानं झिपच्या पिशवीत, आत कोरडा कागद, पाणी शिंपडू नका, नाहीतर पोचेपर्यंत सगळं कुजतं. एका वेगळ्या पिशवीत निरोगी पान. सोबत चौथ्या तपासणीतला कागद न्या, काय मारलं, कधी मारलं; पहिला प्रश्न तोच येतो.